गोल्फच्या एका होलवर चार-पाच टी (पहिला फटका मारायच्या जागा) कुठे बसवायच्या?

प्रश्न असा आहे की ४०० यार्डांच्या पार-४ ला (चार फटक्यांत संपवायच्या होलला) पुढची टी किती पुढे घ्यावी. बऱ्याच ठिकाणी ती ३३० यार्डांवर ठेवतात, आणि तिथेच चूक होते.

हिशोब ड्राइव्हच्या, म्हणजे टीवरून मारलेल्या लांब फटक्याच्या, अंतरावरून करा. मागच्या टीवरचा खेळाडू २५० यार्ड मारतो, त्याला १५० उरतात. ज्यांचा ड्राइव्ह १५० यार्डांचा आहे त्यांना ३३० वरून १८० उरतात, म्हणजे दुसऱ्या फटक्यात ग्रीन (भोक असलेली हिरवळ) गाठणं अशक्यच. प्रमाण लावा: ४०० × १५० ÷ २५० = २४०. या टीवरून त्यांना ९० उरतात आणि दोघांच्या हातात साधारण सारखाच क्लब (गोल्फची काठी) येतो. २०० यार्ड मारणाऱ्यांसाठी ३२०. मधली टी ही.

टी एकामागोमाग एका रेषेत ठेवू नका, थोड्या डावी-उजवीकडे सरकवा. नाहीतर मागून निघालेला खुजा फटका पुढच्या टीच्या कडेवर आदळतो. प्रत्येक टीची बाजू मात्र चेंडू पडायच्या जागेकडेच रोखलेली हवी. वाकडी टी खेळाडूला नकळत झाडीकडे उभं करते.

टीला उतार १ टक्का पुरे, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. सपाट ठेवली की पाणी साचतं, गवत कुजतं.

पार-३ ची टी मोठी करा, कारण तिथे आयर्नने (धातूच्या पात्याच्या क्लबने) गवताचे ढलपे निघतात. मार्करमागे (टीची पुढची हद्द दाखवणाऱ्या खुणांमागे) किमान दोन क्लब-लांबी जागा सोडा, टीइंग एरिया नियमाने तेवढा खोल असतो.