सॅटेलाइट रेडिओच्या घरातल्या रिसीव्हरचा आवाज चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं?

विचारणाऱ्यांना माळ्यावर वडिलांचा वर्ल्डस्पेसचा, म्हणजे उपग्रहावरून गाणी-बातम्या देणाऱ्या जुन्या सेवेचा, रेडिओ सापडलाय. वडील म्हणतात, त्याचा आवाज थेट सीडीसारखा होता आणि बेस तर काय विचारूच नका. विचारणारे स्वतः न्यू जर्सीत असतात, घरी ठेवायला सिरियसएक्सएम या तिकडच्या सॅटेलाइट रेडिओचा सेट घ्यायचा म्हणतायत. तर आवाज पारखायचा कसा, असा प्रश्न आहे.

"बेस तर काय विचारूच नका" हे वाक्य मी 2003 पासून ऐकतोय. आमच्या दाजींच्या तोंडून. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या भागाचं उत्तर: नाही. सीडीसारखा नव्हता आणि असणं शक्यही नव्हतं. सीडीवर सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट असतात (बिट म्हणजे ज्या आकड्यांत आवाज साठवतात त्यांचं माप). वर्ल्डस्पेसच्या एका चॅनेलच्या वाट्याला 16 ते 128 किलोबिट यायचे, तेही 16 च्या पटीत, आणि आवाज एमपीथ्रीच्याच पद्धतीने दाबलेला. 64 ला स्टिरिओ ऐकायला बरा, एफएमच्या आसपासचा. 16 ला म्हणजे मीडियम वेव्हवरच्या बातम्या, फक्त खरखर नाही. पण ही "खरखर नाही" गोष्ट किती मोठी होती, ते आज मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याला कळायचं नाही. आम्ही पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर ऐकत वाढलो. शेजारणीने मिक्सर लावला की गवई गायब. त्यानंतर एकदम चोवीस तास शास्त्रीय गाणं देणारं गांधर्व चॅनेल, मधे जाहिरात नाही, खरखर नाही. तुमच्या वडिलांना ते सीडीसारखं वाटलं यात त्यांची चूक नाही. आमच्या दाजींची मात्र आहे.

दाजी पाटबंधारे खात्यात होते, घर साताऱ्यात. मी तेव्हा कऱ्हाडला बँकेत. सेट आणल्या दिवशी त्यांचा फोन आला, "शनिवारी हाफ डे झाला की इकडेच ये. आणि कान धुऊन ये."

गेलो. हॉलमध्ये सेट, पण अँटेना स्वयंपाकघरात. कारण उपग्रह एशियास्टार, 2000 च्या मार्चमध्ये वर गेलेला, विषुववृत्तावर 105 अंश पूर्वेला उभा. साताऱ्यातून बघायचं तर पूर्वेकडून थोडं दक्षिणेला आणि साधारण निम्म्या आकाशावर. दाजींची गॅलरी पश्चिमेला. पूर्वेची एकच खिडकी, ती ओट्यावरची. म्हणून पंजाएवढी ती चपटी अँटेना लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेली आणि तिची वायर पॅसेजमधून हॉलपर्यंत. ताई दिवसातून दोनदा त्या वायरीला अडखळायची, आणि दोन्ही वेळा दोष ताईचाच असायचा.

मी चहा घेत होतो. गाणं रंगात आलेलं, आणि तानेच्या ऐन मध्यात गवई गप्प. नुसती शांतता. ताईने धुतलेला तवा निथळायला खिडकीत उभा केला होता. दाजी उठले, तवा बाजूला केला, गाणं परत आलं. मग त्यांनी अँटेना बोटाने जराशी तिरकी केली, हॉलमध्ये येऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बघ, आवाज कसा गोल झाला."

इथे माझं पहिलं भांडण. डिजिटल रेडिओची अँटेना फिरवून आवाज गोल, चौकोनी, गोड, काहीही होत नाही. वरून आकडे येतात. पुरेसे आले तर आवाज पूर्ण येतो, कमी पडले तर तुटतो किंवा बंद होतो. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. जुन्या रेडिओत स्टेशन थोडं सरकवलं की आवाज उजळायचा, ती सवय आमच्या पिढीच्या बोटांत बसलीय. डिस्प्लेवर सिग्नलच्या काड्या पुरेशा दिसल्या की अँटेनाला हात लावायचा नाही. (पावसाचंही तेच. डीटीएच पावसात जातं म्हणून दाजी ढग आले की रेडिओलाही नावं ठेवायचे. रेडिओची फ्रिक्वेन्सी दीड गिगाहर्ट्झच्या जवळ, तिला पाऊस फारसा अडवत नाही. तवा अडवतो.)

आता आवाज. दाजींकडे कॉस्मिकचा जुना अँप्लिफायर, सुताराकडून करून घेतलेले दोन खोके आणि त्यात दहा इंची वूफर. रेडिओ त्याला जोडलेला. ऐकू काय येत होतं, तर तंबोरा कुणीतरी रजईत गुंडाळून वाजवतंय. डग्ग्याचा प्रत्येक घाव शोकेसच्या काचेला कळत होता. गवयाचे शब्द तोंडात पान असल्यासारखे. मी म्हटलं, "दाजी, जवारी, तंबोऱ्याच्या तारेची ती झिणझिण, ऐकूच येत नाहीये."

"जवारी सोड रे. बेस बघ, बेस! दुकानदार म्हणाला ते खोटं नाही, सीडी क्वालिटी."

मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे. त्यावर ते ताईच्या दिराकडे वळून म्हणाले, "नोटा मोजून मोजून याचे कान बधिर झालेत." लोक हसले. मीही हसलो. पण तुम्ही वीस वर्षांपूर्वीचं वाक्य मला शब्दशः आठवतंय यावरून काय ते समजा.

नंतर भाऊबीजेला गेलो. दिवाळीच्या साफसफाईत ताईने अँप्लिफायर भिंतीपासून ओढून तसाच तिरका ठेवला होता, म्हणून मागची बाजू दिसली. रेडिओच्या दोन्ही पिना 'फोनो' लिहिलेल्या भोकांत. दाजींच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई तुटून चार वर्षं झाली होती. त्याची वायर निघाली आणि रिकाम्या जागेत त्यांनी रेडिओ खोचला.

ज्यांनी रेकॉर्ड वाजवल्यात त्यांना कळलं असेल. इतरांसाठी: एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात, नाहीतर खाचा मावत नाहीत आणि खसखस फार येते. वाजवताना फोनोचं सर्किट त्याच्या बरोबर उलट करतं. 20 हर्ट्झला जवळजवळ 20 डेसिबल चढवतं, 20 किलोहर्ट्झला तेवढंच उतरवतं. शिवाय सुईकडून येणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा, म्हणून फोनो त्याला शंभरेक पट मोठा करतं. त्यात रेडिओचा धडधाकट सिग्नल घातला की बेस फुगणार, जवारी मरणार आणि वरून आवाज फाटणार. दाजी सहा महिने ज्याला सीडी क्वालिटी म्हणत होते तो आवाज उपग्रहाचा नव्हताच. तो त्यांच्या स्वतःच्या चुकीच्या भोकाचा होता.

मी पिना काढून 'ऑक्स'मध्ये, म्हणजे आवाजात काही बदल न करणाऱ्या साध्या भोकांत, घातल्या. साहजिकच आवाज एकदम लहान झाला. दाजी लगेच, "बघ! मेला आवाज." मी व्हॉल्यूम चढवला. मग तंबोरा आला, तारेवरची ती बारीक झिणझिण आली, तबल्याची चाट सुटी ऐकू यायला लागली. ताई करंजीचं झारं हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आज शब्द कळतायत."

हे सगळं दाजींनी ऐकलं, पाहिलं. पाच मिनिटं थांबले. मग उठून पिना परत फोनोत घातल्या. "मला हेच बरं वाटतं." तुम्हाला काय बरं वाटतं हा प्रश्नच नव्हता हो दाजी. भरपूर तिखट घातल्यावर भाजी जुनी की ताजी हे कळत नाही, एवढंच मी म्हणत होतो. अजूनही म्हणतोय.

तर न्यू जर्सीवाल्यांनो, पारखायचं असेल तर आधी मधली भेसळ काढा. सेट अँप्लिफायरला वायरने जोडा. काही सेट स्वतःचा आवाज एफएमवर सोडतात आणि तुमचा ट्यूनर तो पकडतो. त्या वाटेने ऐकून मत बनवू नका, तुम्ही एफएमची परीक्षा घेत असता. बेस-ट्रेबलची बटणं मधोमध, बेस फुगवणारं 'लाउडनेस'चं बटण बंद. आणि पिना कुठल्या भोकात आहेत ते टॉर्च घेऊन बघा. हसू नका, बघा.

मग एखादं असं गाणं लागायची वाट बघा ज्याची सीडी तुमच्या घरात आहे आणि जे तुम्हाला तोंडपाठ आहे. अनोळखी गाण्यावर काहीही कळत नाही. मी एकदा गांधर्ववर ओळखीचा ख्याल लागल्याबरोबर कपाटातून सीडी काढून धावतपळत लावली, विलंबिताची सम धरून दोन्ही जुळवलं आणि सिलेक्टरचा खटका इकडून तिकडे करत बसलो. भाचा तेव्हा बारा वर्षांचा, सुट्टीला आलेला. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि विचारलं, सांग कुठलं चांगलं. दर वेळी म्हणाला, सीडी. मी खूश. मग लक्षात आलं की सीडीचा आवाजच मोठा होता. सीडी प्लेअर दोन व्होल्टच्या आसपास देतो, रेडिओ त्याहून कमी, आणि जे थोडं मोठं वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं. व्हॉल्यूम सारखा करून परत दहा वेळा खटके मारले. दहापैकी सहा बरोबर. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. ही गोष्ट मी दाजींना आजतागायत सांगितलेली नाही.

पण रेकॉर्डिंग मैफलीचं होतं. शेवटी टाळ्या पडल्या आणि कार्टं भिंतीकडे बघतच म्हणालं, "मामा, हा रेडिओ. पाऊस पडतोय." बरोबर होतं. दाबलेल्या आवाजाची चोरी टाळ्यांत पकडली जाते. टाळ, झांजा, घुंगरू यांतही. भजनातले टाळ कमी बिटरेटला कढईत वाळू परतल्यासारखे वाजतात. बोलण्यात 'स' आणि 'श' ऐका, शेपूट लागल्यासारखे सळसळतात का. तंबोऱ्याची झिणझिण स्थिर आहे की पाण्याखाली हेलकावतेय, ते ऐका. बेस ऐकून रिसीव्हर पारखू नका. खालच्या स्वरांना फारसे बिट लागतच नाहीत, ते बहुतेक कुठूनही धड येतात.

आणि एवढं करून दोष सापडलाच तर तो सेटचा की चॅनेलचा, हे बघायचं. तेच चॅनेल त्यांच्या ॲपवरून, त्याच अँप्लिफायरमधून ऐका. इंटरनेटवर सहसा जास्त बिट मिळतात. तिथे टाळ्या टाळ्यांसारख्या आल्या तर दोष वरून येणाऱ्या आवाजातच आहे, महागडा सेट घेऊन काही फरक पडायचा नाही. गप्पांचं चॅनेल ऐकून गाण्याच्या चॅनेलबद्दल मत बनवू नका, दोघांना सारखे बिट देत नाहीत. अँटेना मोकळ्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. काड्या आल्या की विसरून जा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, माझे कान आता साठीच्या पुढचे आहेत. 12 किलोहर्ट्झच्या वर मला बहुतेक काही ऐकू येत नाही, तेव्हा तुमच्या घरातलं एखादं पोर बसवून खात्री करा. दोन, खोली. फरशी, उघड्या भिंती, काचेची शोकेस असेल तर उत्तमातला उत्तम सेटही किणकिणतो. रिसीव्हर बदलायच्या आधी सतरंजी टाकून बघा, सतरंजी स्वस्त पडते.

माळ्यावरच्या सेटचं म्हणाल तर त्यावर उपग्रहाचं आता काहीही लागणार नाही. भारतातली सेवा 31 डिसेंबर 2009 ला बंद झाली. मॉडेलला एफएम असेल तर तेवढं चालेल. लाइट लावायच्या आधी मागचं झाकण उघडून सेल गळालेत का बघा. वडिलांचा तेव्हाचा आवाज आता तपासता येणार नाही, पण त्यांचा अँप्लिफायर अजून घरात असेल तर वायर कुठे खोचलेली आहे ते जरूर बघा आणि मला कळवा.

ताई हे वाचते. ताई, दाजींना दाखवू नकोस. दाखवलंसच तर त्यांच्याकडून मागच्या पिनांचा फोटो काढून घे आणि पाठव.