इलेक्ट्रिक एसयूव्ही ऑफ-रोड नेली तर बॅटरीत पाणी जाईल का?

तुम्ही लिहिलंय की नवीन इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतलीये, पुढे-मागे दोन मोटर आहेत, डोंगरातले कच्चे रस्ते आणि नदीपात्र करायची इच्छा आहे, पण पाण्यात गेली की बॅटरी शॉर्ट होईल म्हणून घरचे नको म्हणतायत. मी आधी बरीच वर्षं डिझेल फोर बाय फोर चालवली आणि आता चार वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय, त्यामुळे एवढं नक्की सांगतो की पाण्याची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी घ्यायची गरज नाही, काळजी करायची ती गाडीच्या वजनाची आणि पोटाची.

पाण्याचं आधी सांगून टाकतो. बॅटरी पॅक सीलबंद असतो, बऱ्याच गाड्यांत तो आयपी६७ असतो, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरेल असा. उलट डिझेलमध्ये इंजिन हवा ओढतं, त्या वाटेने पाणी आत गेलं की इंजिनच बसतं, इथे तो प्रश्नच नाही. पण हे रेटिंग पॅकचं असतं, अख्ख्या गाडीचं नाही, हा फरक लोक विसरतात. दाराच्या रबरातून पाणी आत आलं तर कार्पेटखालचे कनेक्टर भिजतात आणि मग महिनोन्‌महिने कुठलातरी दिवा पेटत राहतो. म्हणून मॅन्युअलमध्ये वेडिंग डेप्थ, म्हणजे किती खोल पाण्यातून गाडी नेता येते, ती किती दिलीये ते बघा, तोच आकडा खरा. मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक जी-क्लासला ८५० मिलिमीटर दिलीये, पण ती गाडी मुळात त्यासाठीच बनवलेली आहे, साध्या क्रॉसओव्हरला तो हिशोब लावू नका. आणि लांब चढ चढून आल्या आल्या तापलेली गाडी थंड पाण्यात घालू नका, मोटर आणि गिअरबॉक्समधली हवा एकदम आकसते आणि सील जुना असेल तर पाणी आत ओढलं जातं, दहा-पंधरा मिनिटं थांबा मग उतरवा. खाऱ्या पाण्यात तर अजिबातच नको.

आता चालवण्याचं. पहिल्यांदा दगडांवर चढवाल तेव्हा खरंच प्रेमात पडाल. टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, शून्य वेगापासून मिळतो, क्लच जळायचा नाही, गाडी बंद पडायची नाही, आणि इंजिनचा आवाज नसल्यामुळे कुठल्या चाकाखाली खडी सरकतीये ते ऐकू येतं. मी काच खाली करून चालवतो आणि खर्र असा आवाज आला की पाय सैल करतो, डोळ्यांआधी कान सांगतात. फक्त पेडल फार हळवं असतं, ऑफ-रोड मोड असेल तर तो लावा, त्यात तेवढंच पेडल दाबून ताकद हळूहळू येते.

एक सवय मात्र मोडावी लागेल. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. मोटर फिरत नसते पण करंट जात असतो, तोही सतत त्याच भागातून, त्यामुळे इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग, तापतो आणि मग सिस्टीम स्वतःला वाचवायला पॉवर कमी करते, नेमकी तुम्हाला हवी असते तेव्हाच. आणि तुमच्यासारख्या दोन मोटरच्या गाडीत एक चाक हवेत गेलं की ताकद त्याच चाकातून वाया जाते, मग सिस्टीम त्या चाकाला ब्रेक लावून ती दुसरीकडे वळवते, याला क्षण-दोन क्षण लागतात तेवढा धीर धरा. २०२१ मध्ये आलेल्या रिव्हियन आर१टी या इलेक्ट्रिक पिकअपच्या चार मोटरच्या प्रकारात प्रत्येक चाकाला वेगळी मोटर आहे, तिथे ही भानगडच उरत नाही.

उतार आवडेल तुम्हाला, रीजनमुळे, म्हणजे मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग धरते त्यामुळे, ब्रेक जवळपास दाबावाच लागत नाही. पण डोंगरमाथ्यावर मुक्काम करून १०० टक्के चार्ज करून सकाळी उतरायला लागाल तर रीजन मिळणारच नाही, भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते. कडाक्याच्या थंडीतही तसंच होतं. वरून निघणार असाल तर ८० टक्क्यांवरच थांबा.

आता वजन. माझी गाडी २,२०० किलोची आहे, त्यात बॅटरी सपाट आणि खाली. तोल उत्तम राहतो, उलटायची भीती कमी, पण रुतली की रुतली. पहिल्या वर्षी मी कोरड्या नदीपात्रात टायरची हवा न काढता घुसलो, वीस-पंचवीस फूट गेली, मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि मी पेडल अजून दाबलं, तिथेच चुकलं. जुन्या गाडीच्या पोटाखाली निदान फ्रेमच्या मधल्या फटी होत्या, हिचं पोट म्हणजे सपाट ताट, ते पूर्ण वाळूवर टेकलं आणि चाकांवर भारच उरला नाही. पोटावर झोपून कोपरापर्यंत हात घालून वाळू उपसली, दोन तास. नंतर हवा १८ पीएसआयवर आणली आणि चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, सरकवले, तेव्हा पहिल्याच प्रयत्नात निघाली. तेव्हापासून वाळू दिसली की आधी हवा काढायची, मग पुढचं, आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरायची, म्हणून पंप गाडीतच असतो. ओढायचा पट्टाही गाडीच्या वजनाच्या किमान दोन-तीन पट ताकदीचा घ्या, हलक्या गाडीचा जुना पट्टा तुटला तर तो जीव घेऊ शकतो. आणि बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढत नेऊ नका, चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार होऊन नुकसान होतं. चिखलातून बाहेर काढण्यापुरतं ठीक, पुढे मात्र चारही चाकं उचलूनच न्यायची.

पोटाला स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारा मजबूत पत्रा, आहे का ते आज खाली वाकून बघा, बऱ्याच गाड्यांना नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर असतं. दगड जोरात लागल्याचं जाणवलं तर थांबून टॉर्च मारून बघायचं, पोचा आलाय का, कूलंट ठिबकतंय का. गोडसर वास, धूर किंवा फुसफुस आवाज आला तर सामान सोडून सगळ्यांनी लांब जायचं, त्यात विचार करायचा नाही.

रेंजचं गणित सोपं आहे. २,२०० किलोची गाडी १,००० मीटर वर चढवायला नुसत्या उंचीचेच साधारण ६ युनिट जातात, त्यातले बरेचसे उतरताना परत मिळतात. दगडांवर हळू चालताना खर्च वाटतो त्यापेक्षा कमी येतो, वारा कापायचा नसतो ना. वाळू आणि चिखल मात्र दुप्पट खातात. मी एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हात न लावता ठेवतो, आणि जाताना पहिला हिस्सा संपला की जिथे असेन तिथून मागे वळतो, पुढे कितीही सुंदर दिसत असलं तरी.

पहिली फेरी कोरड्या कच्च्या रस्त्यावरच करा, सोबत दुसरी गाडी ठेवा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि दर १० किलोमीटरला किती युनिट गेले ते कागदावर लिहा. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या हातात येईल, मग घरच्यांना शेजारी बसवून न्या.