बुल्टॅकोचा जाम पिस्टन
प्रश्न: दादा, मी लीड्सला असतो, इथे एका शेडमध्ये वर्षानुवर्षं पडलेली बुल्टॅको शेर्पा टी २५० ही जुनी स्पॅनिश मोटरसायकल घेतलीय. किक जागची हलत नाही. गिअरमध्ये टाकून ढकलू का?

उत्तर: अजिबात ढकलू नकोस रे! जोर लावलास तर कनेक्टिंग रॉड नाहीतर किकचे दात जातील. १९६५ ला सॅमी मिलर या रायडरने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही खडकाळ वाटांवरची स्पर्धा जिंकली ती शेर्पावरच, अशी गाडी घाईत घालवू नकोस. आधी सायलेन्सर काढ आणि टॉर्च लावून एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे सिलेंडरला धूर बाहेर जायला असलेल्या भोकातून बघ, पिस्टन कुठे अडकलाय आणि सिलेंडरच्या भिंतीला किती गंज आहे ते कळतं. मग स्पार्क प्लगच्या भोकातून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं ओत, पण पिस्टन पोर्टच्या खाली असेल तर ते पोर्टमधून बाहेर वाहून जाईल, तेव्हा आधी पोर्टचं तोंड घट्ट बंद कर. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे ते पूर्ण उडून जाईपर्यंत हीट गन जवळसुद्धा आणायची नाही. चांगले आठ-दहा दिवस मुरू दे. नंतर सिलेंडरचं हेड (वरचं झाकण) काढून लाकडी ठोकळा पिस्टनवर सपाट ठेवून हलकेच ठोक, लोखंडी हातोडा थेट मारलास तर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन फुटलाच म्हणून समज.

आणि सुटला की लगेच किक मारायचा मोह आवर बाबा, टू-स्ट्रोकच्या क्रॅंककेसमध्ये ओल साचते, बेअरिंगला गंज चढतो, ऑइल सील कडक होतात. इंजिन उघडून तेवढं बदलूनच घे.