वडिलांचा एएमएल (ल्युकेमिया म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) रेमिशनमध्ये, म्हणजे आटोक्यात आहे. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नॉर्मल आले म्हणजे रिलॅप्सची, म्हणजे आजार परतण्याची भीती गेली का? इम्युनिटी वाढवायला गुळवेल द्यावी का?

मी नवी मुंबईत एका लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे पेशींवरची प्रथिनं तपासण्याचं काम करतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

सीबीसीतला लिम्फोसाइटचा आकडा म्हणजे नुसता हजेरीपट. ल्युकेमियात टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) संख्येने भरपूर असूनही दमलेल्या असू शकतात. अशा पेशींवर पीडी-१, टिम-३ ही प्रथिनं जास्त दिसतात आणि त्यांची मारक शक्ती घटते. एनके पेशींवरचे (याही मारक लिम्फोसाइट), शत्रू ओळखायला लागणारे रिसेप्टरही एएमएलमध्ये कमी झालेले आढळतात. याचा रिलॅप्सशी संबंध असल्याचं संशोधनात दिसलंय, पण अजून त्यावरून कुणाचे उपचार ठरत नाहीत. ते ठरतात जनुकीय दोषांवर आणि एमआरडीवर, म्हणजे बोन मॅरोत दहा हजारांत एखादी उरलेली ल्युकेमिया पेशी शोधणाऱ्या तपासणीवर. तुम्ही ठाण्याहून एवढं सविस्तर लिहिलंत, त्यात एमआरडीचा उल्लेखच नाही. पुढच्या ओपीडीत पहिल्यांदा तेच विचारा.

प्रतिकारशक्ती ल्युकेमियाला रोखते, हे मात्र खरं. सगळ्यात भक्कम पुरावा बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा, म्हणजे दात्याच्या रक्त घडवणाऱ्या पेशी रुग्णाला देण्याचा. दाता एकसारखा जुळा असेल तर जुळणी शंभर टक्के, तरी रिलॅप्स जास्त. साध्या जुळणाऱ्या भावंडाच्या पेशी दिल्या की कमी. दात्याच्या टी पेशी गाळून टाकल्या तरी रिलॅप्स वाढतो. म्हणजे थोडं परकेपणच कामी येतं! पण याच पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावरही उलटतात (जीव्हीएचडी), म्हणून ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. उद्या ट्रान्सप्लांटचा विषय निघाला तर घरच्यांना हे माहीत असलेलं बरं.

खारघरच्या कार-टीबद्दलही (टी पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरवर सोडण्याचा उपचार) विचारलंत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेल्या नेक्सकार१९ला २०२३मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बी पेशींच्या कॅन्सरसाठी, त्यांच्यावरचं सीडी१९ हे प्रथिन लक्ष्य धरून. एएमएलच्या पेशींवर सहसा ते नसतं. आणि एएमएलवर जी लक्ष्यं सापडतात, ती बऱ्याचदा रक्त घडवणाऱ्या निरोगी मूळ पेशींवरही असतात. घोडं तिथेच अडलंय.

गुळवेल डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका. कोविडच्या काळात ती घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवली आहेत. काढा आधीच सुरू असेल तर तेही ओपीडीत सांगा, नाहीतर एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) का वाढलं याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.