‘होम’ला मराठीत काय म्हणावं?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे: चार्ल्स डिकन्सने अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईंना लिहिलेल्या पत्रांत त्यांच्या पैशाने चाललेल्या ‘युरेनिया कॉटेज’ला (वेश्याव्यवसायातून किंवा तुरुंगातून आलेल्या मुलींना नवं आयुष्य सुरू करता यावं म्हणून काढलेली जागा) ‘होम’ म्हटलंय. मराठीत सुधारगृह लिहावं, आश्रम, की आधारगृह?

मी साधं ‘घर’ लिहीन.

सुधारगृह तर नकोच. त्या शब्दामागून पोलीस येतात. मे १८४६च्या पत्रात योजना मांडताना डिकन्स ‘असायलम’ म्हणतो (इथे वेड्यांचं इस्पितळ आठवू नका, अर्थ आसऱ्याचा आहे). पुढच्या वर्षी लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये जागा सुरू झाली. तिथे येऊ शकतील अशा मुलींसाठी त्याने जे आवाहन लिहिलं त्यात शब्द आला ‘होम’, आणि एकाच वाक्यात दोनदा: इथल्या होममध्ये शिकलेलं घरकाम उद्या तुमच्या स्वतःच्या होममध्ये उपयोगी पडेल. आता ‘आश्रमात शिकलेलं तुमच्या घरात’ असं करून बघा. सगळी गंमतच गेली. ‘या घरात शिकाल ते उद्या आपल्या घरात कामी येईल’ म्हटलं की डिकन्सला काय म्हणायचंय ते पोचतं.

‘आश्रम’ला माझी आणखी एक हरकत आहे. शब्द चांगलाच आहे. कर्व्यांनी १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा तो शोभलाही. पण त्यात साधेपणाचं, व्रताचं सावट आहे. डिकन्सला नेमकं तेच नको होतं. तिथल्या मुलींच्या कपड्यांसाठी पाठवलेला कापडाचा नमुना त्याने १८५६मध्ये परत केला: रंग फारच मरगळलेला, या बायकांना रंग हवा असतो. पंडिता रमाबाईंचं ‘सदन’ (शारदा सदन, कृपासदन) त्या मानाने जवळचं. लंडनला फुलहॅममध्ये अशा बायकांना सावरण्याचं काम रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ‘सदन’ पाटीवर शोभतं, तोंडात बसत नाही.

कुणी म्हणेल, हे कसलं घर? वागणुकीचे रोज गुण मांडायचे, चुकली तर बाहेर, सुधारली तर बोटीने ऑस्ट्रेलियाला. खरंय. पण ती विसंगती डिकन्सची आहे, अनुवादकाने ती कशाला झाकायची?

तिथली देखरेख करणारी ‘मेट्रन’ मात्र मेट्रनच राहू द्या. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही ती अर्थासकट माहीत आहे.