डीव्हीडी गेल्यामुळे हॉलिवूडचे मध्यम बजेटचे सिनेमे आटले, असं अभिनेता मॅट डेमन म्हणतो. हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. 2021 मध्ये 'हॉट वन्स' या मुलाखतींच्या कार्यक्रमात, तिखटजाळ चिकन विंग्ज खाता खाता, त्याने हिशोबच मांडला. सिनेमा अडीच कोटी डॉलरचा, जाहिरातीवर तेवढेच. तिकिटाचे निम्मे पैसे थिएटरवाल्यांचे. म्हणजे नफा दिसायला गल्ला दहा कोटींवर जायला हवा. दोन माणसांच्या नात्यावरच्या सिनेमासाठी एवढा जुगार कोण खेळणार? पूर्वी रिलीजनंतर सहाएक महिन्यांनी डीव्हीडीचा पैसा यायचा, त्यामुळे धीर धरता यायचा.

त्याने दाखला दिला तो स्वतःच्याच 'बिहाइंड द कँडेलाब्रा' या सिनेमाचा. पण तिथे एक गोष्ट निसटते. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनी 2013 मध्येच सांगितलं होतं की, समलिंगी नात्याची गोष्ट म्हणून स्टुडिओंनी तो नाकारला. शेवटी एचबीओ या टीव्ही वाहिनीने केला. कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेलेला सिनेमा अमेरिकेत थेट टीव्हीवर लागला! मला हे फार लागतं. पैशाचं गणित खरंच, पण त्याआड स्टुडिओंचा भित्रेपणाही लपतो. मुलाखतीची ती क्लिप जरूर बघा, फक्त तेवढ्यावर थांबू नका.