तारीख चौथ्यांदा पुढे ढकलू नका

तुमची पोस्ट काल रात्रीच वाचली. उत्तर मुद्दाम आज लिहितेय, कारण काल लिहिलं असतं तर नुसता त्रागा झाला असता. तुम्ही मास्टर म्हणून चालवताय त्या रोल-प्लेइंग खेळाची (खेळाडू एकेक पात्र वठवतात, मास्टर कथा आणि बाकीचं जग चालवतो) 18 सेशन (बैठका) झाली, सात खेळाडू आहेत. दलदलीखालचा देव जागा होण्याची रात्र तुम्ही पहिल्याच सेशनला जाहीर केलीत, खेळाडू वेळेत पोहोचेनात म्हणून ती तीनदा पुढे सरकवलीत आणि आता टेबलावर कुणालाच कसली घाई वाटत नाही. चौथ्यांदा सरकवू, की मधलं सगळं गाळून थेट शेवटावर नेऊ, असं विचारलंय. माझं उत्तर: दोन्ही करू नका. का, ते सांगते. जरा लांबेल.

सेशन झिरो (खेळाआधीची ठरवाठरवीची बैठक), एका रहस्याला किमान तीन धागे, खेळाडूंना आधीच ठरलेल्या कथेच्या रुळांवरून न ढकलणं, हे तुम्हाला येतं हे पोस्टवरून दिसतंच. त्यात जात नाही.

माझं पहिलं मोठं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच कथा) 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीच्या नियमांवर होतं, कथा मात्र पूर्ण घरची. काळ 1896 ते 1898. मुंबईत प्लेग येतो तिथून सुरुवात, मग पुणे, मग कोकण, आणि शेवट 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला. हे ग्रहण खरं आहे. सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरला. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला येऊन बसला होता, पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूरच्या बाजूला जेऊरला होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. आणि तो दिवस शनिवार होता. शनिवारी अमावस्या आणि वर सूर्यग्रहण! भयकथेसाठी याहून चांगली तारीख मी शोधूनही काढली नसती. ती कुणाला हलवता येणार नाही, म्हणूनच मी ती निवडली होती.

(प्लेगच्या छावण्या, घरझडत्या हे विषय 2020-21 नंतर कुणाला कुठे लागतील सांगता येत नाही. ते मी खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं होतं आणि दर चार-पाच सेशननंतर परत विचारत होते. हॉरर चालवत असाल तर हे एकदा विचारून भागत नाही.)

मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फँटसी खेळावर वाढलेली. तिथे, निदान 2014 च्या नियमांत, एक लाँग रेस्ट घेतली, आठ तास झोपलं, की सगळे हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) परत. त्यामुळे दिवस मोजायची सवय लागत नाही; रात्र म्हणजे फक्त पुन्हा ताजंतवानं व्हायचं बटण. कथुलूत तसं नाही. साधी जखम दिवसाला एक पॉइंट या गतीने भरते, मोठी जखम असेल तर आठवड्याच्या शेवटी फाशांचा रोल. ढासळलेलं मन सावरायला महिने. म्हणजे त्या खेळात दिवस हेच चलन आहे. मी ते खर्च होऊ देत होते, पण हिशेब ठेवत नव्हते. टिपणं भरपूर होती: एनपीसींची (मास्टर वठवतो ती पात्रं), ठिकाणांची, कुणाला काय माहीत आहे त्याची. 'आज कुठली तारीख' हे मात्र मी मनात ठेवत होते आणि मन दर पंधरा दिवसांनी चार-पाच दिवस खात होतं.

आता चूक सांगते. 27 वं सेशन. पात्रं पुण्यात. ठरलं असं की आधी मुंबईला जाऊन एका फोटोग्राफरकडून काचेची प्लेट घ्यायची आणि मग आगबोटीने विजयदुर्ग गाठायचं. वाटेत कल्याणला प्लेगची तपासणी. तो प्रसंग मी आयत्या वेळी घातला, फक्त वातावरणासाठी. डॉक्टरच्या पात्राला आधीच ताप होता, त्याचा रोल फसला आणि मी जाहीर केलं, 'सगळ्यांना दहा दिवस छावणीत अडकवलंय.' दहा हा मी टेबलासाठी धरलेला आकडा होता. सेशन अप्रतिम झालं. तीन तास कुणी फोनला हात लावला नाही. घरी येऊन मी तारखा लावल्या तर ती माणसं 12 जानेवारीला छावणीत शिरली होती. म्हणजे सुटणार 22 ला. ग्रहण लागेल तेव्हा ती कुंपणाच्या आत असणार.

दोन आठवडे मी यावर झोपले नाही. वीस महिन्यांचं काम होतं. विजयदुर्गच्या तटावरचा शेवट संवादांसकट लिहून तयार होता. पुढच्या सेशनला बसल्या बसल्या मी सहज बोलल्यासारखं केलं, 'तर तुम्ही सहा दिवसांनी सुटलात.'

डॉक्टर खेळणारा मित्र पहिल्या दिवसापासून पात्राची रोजनिशी लिहायचा. तारीखवार, शाईच्या पेनाने. त्याने पान उघडलं आणि शांतपणे वाचलं: 'दहा दिवस.' मी म्हटलं, मागच्या वेळी बोलण्यात चूक झाली. त्याने आधीची पानं उलटली. ऑक्टोबरातही त्यांना असंच अडवलं होतं आणि तेव्हा मी एका दुपारीत सोडलं होतं, कारण तेव्हा मला ते मुंबईत लवकर हवे होते. तेही तिथे लिहिलेलं होतं. मग मी ते वाक्य बोलले, जे कुठल्याही मास्टरने (कथुलूत त्याला कीपर म्हणतात) बोलू नये: 'कीपर मी आहे, मी म्हणते तेवढे दिवस.'

कुणी भांडलं नाही. सेशन पुरं झालं. विजयदुर्गही झालं, ग्रहणही लागलं, सगळं लिहिल्याप्रमाणे. पण फासे नुसते पडत होते. शेवटचा राक्षस समोर आला तेव्हा एकीने विचारलं, 'हा पण सहा दिवसांनी जाईल का?' तो मित्र उपसंहाराच्या सेशनला आला नाही, नंतरच्या कॅम्पेनलाही नाही. मला सगळ्यात महाग पडली ती ही चूक. फसलेल्या रोलने कॅम्पेन बुडलं नव्हतं, कल्याणच्या छावणीनेही नाही. खेळाडूंनी किंमत मोजली होती आणि मी ती गुपचूप परत केली, तिथे ते बुडालं.

वाईट याचं वाटतं की कथेतल्या जूनमध्ये हीच गोष्ट मी नीट हाताळली होती. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा माझा पक्का खुंटा होता. पात्रं त्या रात्री मुंबईत होती. त्यांना ती बातमी वर्तमानपत्रातूनच कळली. पुण्यात परतली तेव्हा जादा पोलीस बसलेले, ओळखीची दारं बंद. त्यांनी प्रसंग चुकवला होता आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ते जग त्यांना खरं वाटलं. जानेवारीतही तसंच करायला हवं होतं. कल्याणला ग्रहण खंडग्रास होतं, पण सूर्य बराचसा झाकलेला. भर दुपारी छावणीत उजेड करडा होतोय, पक्षी घरट्यांकडे निघालेत, तापाने फणफणलेला डॉक्टर कुंपणाला धरून उभा आहे आणि तिकडे दक्षिणेला आपण थांबवू शकलो नाही ते घडतंय, हे आपल्याला माहीत आहे. यासारखा शेवट मला हातात आणून दिला होता आणि मी तो टाकून दिला.

म्हणून तुम्हाला सांगते: ती रात्र येऊ द्या. खेळाडू असतील तिथे, असतील त्या अवस्थेत. देव जागा होऊ दे. पुढची पाच-सहा सेशन त्यानंतरच्या जगात खेळा. कॅम्पेन लांबलं तरी चालेल. पण त्याआधी एकदा सगळ्यांना समोर बसवून सरळ कबूल करा की तारीख मी तीनदा हलवली, आता हलणार नाही, आजपासून कॅलेंडर टेबलावर उघडं राहील. कथेच्या आडून नको, तुमच्या स्वतःच्या तोंडून. खेळाडू चिडतील असं वाटेल. माझ्या अनुभवात चिडत नाहीत, सावरून बसतात. अर्थात हे टेबलावर न बसलेल्या बाईचं मत आहे. तुमचा ग्रुप मी पाहिलेला नाही, आणि नुसती मौजेची भटकंती हवी असणारे ग्रुपही असतात. त्यांना हे लावू नका.

दुसऱ्या ग्रुपबरोबर मी तेच कॅम्पेन पुन्हा चालवलं, तेव्हा एका महिन्याला एक कागद असं केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे चौकोन. पेन्सिलने: पात्रांनी काहीच केलं नाही तर त्या दिवशी काय घडेल. पेनाने: प्रत्यक्षात काय घडलं. कोपऱ्यात प्रवासाचे दिवस, एकदा ठरवले की ठरले. पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद, तर त्या सगळ्यांसाठी बंद, मला सोयीचं असो वा नसो. प्रत्येक सेशनची सुरुवात मी तारीख, वार आणि तिथी मोठ्याने सांगून करते. अर्धा मिनिट लागतो. फँटसी जगाला तिथी नसते म्हणाल, तर दोन चंद्रांच्या कला ठरवून घ्या. काहीतरी दिसणारं, वाढत जाणारं हवं. आणि खेळाडूंपैकी एकाला अधिकृत रोजनिशीकार नेमा. वाद झाला तर त्याची वही खरी, तुमची आठवण खोटी. हे मी आता पहिल्याच दिवशी जाहीर करते.

संशोधनाबद्दल थोडं, कारण तुम्ही पुढे ऐतिहासिक काहीतरी करायचं म्हणालात. जुनी वर्तमानपत्रं पाहायला मी एका दफ्तरखान्यात तीन रजा घालवल्या. एका खिडकीवर अर्ज, दुसरीवर ओळखपत्राची प्रत, तिसरीवर 'संशोधनाचा विषय विद्यापीठाच्या पत्रावर लिहून आणा'. खेळासाठी हवंय असं खरं सांगितलं, तर माणूस हसला आणि अर्ज बाजूला ठेवला. अजूनही राग येतो. ज्या गावचा इतिहास आहे तिथल्याच माणसाला तो मागायला पत्र का लागावं? शेवटी जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी भागलं. रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड 1880 चा आहे. बंदरं, रस्ते, पिकं, सगळं त्यात मिळतं. ते ऑनलाइन फुकट वाचता येतात. तिथूनच सुरुवात करा, खिडक्यांवर जाऊ नका.

हँडआउट (खेळाडूंच्या हातात द्यायचा कागद) करत असाल तर एक: त्या काळची मराठी पत्रं मोडीत असायची. मी एक पत्र मोडीत लिहून दिलं, सोबत फाटकी अक्षरतालिका. पाचही जणांनी चाळीस मिनिटं डोकी एकत्र करून ते सोडवलं. फक्त पत्र सहा-सात ओळींहून मोठं नको, आणि कळीचा धागा एकट्या त्याच पत्रात नको.

सात खेळाडूंचं विचारलंत. कॅलेंडर पाळायचं तर सात जणांची वाट पाहत सेशन रद्द करणं परवडत नाही. आमच्याकडे चार आले की खेळ होतो. न आलेल्याचं पात्र त्या दिवशी काय करत होतं, ते तो दोन ओळींत ग्रुपवर लिहितो आणि रोजनिशीकार ते त्या तारखेच्या चौकोनात उतरवतो. तुमचे सात जण किती अंतरावरून येतात आणि तुम्ही दर आठवड्याला बसता की पंधरवड्याला, ते लिहा. मग पहिल्या महिन्याचा कागद कसा आखायचा ते सांगते.